दर आठवड्याला नवा चष्मा

ती स्वतःच्याच चष्म्यावर बसली, तिथून ही गोष्ट सुरू झाली.

दुपारच्या सुट्टीत तिने डोळे चोळायला म्हणून चष्मा काढून खुर्चीवर ठेवला होता. तेवढ्यात दवाखान्याचा फोन वाजला. ती उठली, बोलली आणि परत येऊन बसली ती थेट त्यावरच. एक काडी हातात आली, दुसरी वाकली आणि एका काचेला तडा गेला. चष्म्याशिवाय तिला भिंतीवरच्या घड्याळाचे काटेही दिसत नसत, आणि पेशंटांचे राहिलेले ढीगभर मेसेज तर फोन नाकाशी धरून वाचावे लागले असते. तिने दोन तास मागून घेतले आणि अंदाजानेच रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली.

काउंटरमागे कोणीतरी उंच होतं. त्याने तो चष्मा उलटसुलट करून पाहिला.

"कोण बसलं?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"पडलेला चष्मा असा मोडत नाही. हा बसून मोडलेला आहे."

"...मीच."

"कबूल करता, हे बरंय. इथे येणारे बहुतेक नवऱ्यावर ढकलतात."

"नवरा नाहीये मला," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. ही माहिती कुणी मागितली होती?

"मग ढकलणार कुणावर! खरंय," तो गंभीरपणे म्हणाला.

तिने फ्रेम निवडली. निवडली म्हणजे काय, चष्म्याशिवाय आरशात स्वतःचा चेहराच धुरकट दिसत होता, तेव्हा त्यानेच एक पुढे केली आणि ती हो म्हणाली. मग तो समोर येऊन बसला, हातात छोटी पारदर्शक पट्टी घेऊन. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं होतं.

"माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा."

तिने बघितलं. पट्टी नाकावर टेकली. गार होती.

"आता उजव्या."

तिने उजव्या डोळ्याकडे बघितलं. इतक्या जवळचं तिला चष्म्याशिवायही स्वच्छ दिसत असे. तपकिरी डोळे होते, पापण्या लांब, आणि खाली थोडा थकवा. कोणाही माणसाच्या डोळ्यांत असं सरळ बघत राहण्याची सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल, असं तिला वाटून गेलं.

"झालं का?"

"झालं मघाशीच," तो म्हणाला आणि घाईने पट्टी खाली ठेवली. "पावतीवर नाव काय लिहू?"

"समोरच्या दवाखान्यात पाठवा. शुगरताई म्हटलं की कुणीही सांगेल. सगळे तसंच म्हणतात मला."

तो लिहायला लागला आणि थांबला. "नुसतं 'शुगर दवाखाना' लिहितो."

"ताई का नको?"

"...पावतीवर जागा कमी आहे."

ती हसली. तेवढ्यात दुकानाच्या कोपऱ्यातून मोठा आवाज आला — "तर मंडळी, तुमची ती गोळी आजच बंद करा!" तिथे आरामखुर्चीत एक पांढऱ्या केसांच्या बाई फोन हातभर लांब धरून व्हिडिओ बघत होत्या.

"नका हं करू बंद!" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

बाईंनी फोन खाली केला. "तुम्ही कोण?"

"ही माझी आत्या," तो हळूच म्हणाला. "गेल्या महिन्यात शुगर निघाली. तेव्हापासून शंभर डॉक्टर केलेत तिने. सगळे फोनमधले."

"फोनमधले तरी बोलतात माझ्याशी," आत्या म्हणाल्या. "ज्याच्याकडे गेले होते ना, त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. कागद खरडला आणि म्हणाला, पुढचा."

"आमच्याकडे या," ती म्हणाली. "आमच्या डॉक्टरीणबाई मान वर करतात. आणि हा व्हिडिओही घेऊन या बरोबर. आपण मिळून बघू."

आत्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं, मग भाच्याला, मग परत तिला. "येईन," त्या म्हणाल्या. "बाळ्या, सोडशील ना मला?"

बाळ्या म्हणजे तो उंच चष्मेवाला. सोडीन म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

*

तिचं काम असं होतं, की घरी कुणाला समजावून सांगायला बसलं तर अर्धा तास जाई. पूर्वी पेशंट नुसते रिपोर्ट घेऊन येत. आता रिपोर्ट आणि फोन घेऊन येतात. काय काय वाचलेलं असतं, काय काय पाहिलेलं असतं, आणि त्यातलं निम्मं घाबरवणारं नाहीतर खोटी आशा लावणारं. ते सगळं ऐकून घ्यायचं, गाळायचं आणि साध्या भाषेत उत्तर द्यायचं. दवाखान्याचा एक फोन त्यासाठीच ठेवलेला होता, आणि तो तिच्याकडे असे.

एकाने कळवलेलं असे, पायाला मुंग्या येतात, नेटवर बघितलं तर पाय कापावा लागतो असं आलं, तर उपाशीपोटी येऊ का? एका बाईंनी तीन वेगवेगळ्या आहारांचे व्हिडिओ बघून तिन्ही आहार एकदम सुरू केले होते, आणि आता खाण्यासारखं काही उरलेलं नाही अशी त्यांची तक्रार होती. एका निवृत्त मास्तरांनी गोळीचे सगळे दुष्परिणाम छापून आणले आणि आपल्याला झालेल्यांवर लाल पेनाने खुणा केल्या. त्यातला एक फक्त गरोदर बायकांना होणारा होता.

हसायचं मात्र नाही, असं डॉक्टरीणबाईंचं सांगणं होतं. "आणि नेटवर बघितलंतच का, म्हणून ओरडायचंही नाही. माणूस घाबरला की शोधतो. त्याने काय वाचलं ते विचार, आणि वाचून कशाला घाबरला तेही विचार. आजार बहुतेक दुसऱ्या उत्तरात सापडतो."

आत्या आल्या त्या पहिल्याच दिवशी अकरा व्हिडिओ घेऊन आल्या. दोघींनी सगळे पाहिले. दोन बरे निघाले, बाकीचे आत्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकले. मग तिने त्यांना बोटाला टोचून शुगर बघायचं छोटं मशीन दिलं आणि ते त्यांच्या फोनला जोडून दिलं. म्हणजे घरी तपासलं की आकडा फोनमध्ये उमटणार आणि तिथून आपोआप दवाखान्यात तिच्या पडद्यावर येणार.

"म्हणजे मी काय करते ते तुला इथे बसून दिसणार?" आत्यांनी विचारलं.

"आकडा तेवढा दिसणार."

"बाळ्या, ऐकलंस? आता चोरी करायची सोय नाही."

तो दाराशी उभा होता. हसला, आणि कोपऱ्यातल्या पिंपातलं पाणी प्यायला. एक पेला, मग दुसरा, मग तिसरा.

"इथलं पाणी आवडलेलं दिसतंय," ती म्हणाली.

"पाणीही चांगलं आहे," तो म्हणाला.

त्या 'ही'वर ती दुपारभर विचार करत होती.

मग दर आठवड्याला तो आत्यांना घेऊन येऊ लागला. आत्या आत असल्या की हे दोघं बाहेरच्या बाकावर. त्याच्याकडे दुकानातल्या गमती असत. कुणी बायकोला न सांगता दूरचा चष्मा करून घेतला, आणि भिंतीवरचे डाग पहिल्यांदाच दिसले म्हणून घरी जाऊन बायकोशीच भांडला. तिच्याकडे फोनवरच्या गमती असत, नाव-गाव वगळून. बोलता बोलता ती त्याच्या चेहऱ्याकडे बघे. तो जरा बारीक होत चालला होता. गालाची हाडं उठून दिसायला लागली होती, आणि — प्रामाणिकपणे सांगायचं तर — ती त्याला शोभून दिसत होती.

आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांवर नवा चष्मा.

पहिल्यांदा काळी फ्रेम होती. मग तारेची गोल. मग निळसर.

"दुकानाची जाहिरात करताय की काय?" तिने एकदा विचारलं.

"तुम्हाला कुठला आवडला ते सांगा, बाकीचे परत मांडणीत ठेवतो."

"गोल. त्यात जरा... हुशार दिसत होतात."

"आणि यात?"

"यात हुशार दिसायचा प्रयत्न करताय."

तो मोठ्याने हसला. आपल्यासाठी कुणीतरी दर आठवड्याला चष्मा बदलून येतं, हे तिने मनातल्या मनात कितीदा घोळवलं असेल. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं.

*

आत्यांचे आकडे चांगले चालले होते. सकाळचा चांगला, रात्रीचा चांगला. मग एका दुपारी पडद्यावर तीनशेच्या वरचा आकडा आला. संध्याकाळी पुन्हा ठीक. दोन दिवसांनी पुन्हा दुपारी तसाच, डोंगरासारखा.

तिने फोन लावला. "आत्या, आज दुपारी काय खाल्लंत?"

"उकडलेलं. माणसाने खाऊ नये असं."

"त्याच्याबरोबर काही? थोडंसं गोड?"

"गोड? अगं, चहा इतका कडू पिते की कपसुद्धा तोंड वाकडं करतो."

"मग शुगर एवढी कशी वाढली?"

"ते त्या मशीनला विचार. मी तर दुपारी दुकानात खुर्चीतच झोपलेली असते."

तिच्याबरोबर काम करणारे मिशीकाका हसले. झुपकेदार मिशांमुळे सगळेच त्यांना तसं म्हणत. "झोपेतसुद्धा खातात हो माणसं," ते म्हणाले. "वीस वर्षं बघतोय. गोड खाणारा पेशंट आणि मासे खाणारी मांजर, दोघंही तोंड पुसूनच येतात."

पुढच्या खेपेला आत्या आल्या, तेव्हा तिने त्यांना समजावलं. पेशंटांशी बोलायचा तिचा एक मऊ, सावकाश आवाज होता. त्या आवाजात म्हणाली, "कधी राहवलं नाही, चुकून काही खाल्लं, तर सांगायचं. आम्ही रागावत नाही."

आत्यांचे डोळे भरून आले. "माझ्या भावाची — याच्या बापाची — शुगरने काय दशा केली ती मी पाहिलीय. मी चोरून गोड खाईन?"

"मशीन बिघडलं असेल," तो मध्येच म्हणाला. जमिनीकडे बघत म्हणाला.

तिने तिथल्या तिथे मशीन तपासलं. त्यासाठी एक औषध मिळतं. थेंब टाकला की ठरलेला आकडा यायला हवा. आला. मशीन ठणठणीत होतं.

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. दुपारचं काही लक्षात येत नाही, म्हणाल्या. सोमवारपर्यंत कारण कळलं नाही तर गोळी वाढवू. आत्यांनी पिशवी उचलली. जाताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तोही त्यांच्यामागून गेला. त्या दिवशी बाकावर कोणी बसलं नाही.

त्यानंतर दुपारचे आकडे येणं बंद झालं. तिला ते बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

*

शनिवारी संध्याकाळी तिच्या चष्म्याचे नाकावरचे पॅड ढिले झाले. म्हणजे तिनेच जरा ढिले केले. दुकानात जायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि आत्यांची माफीही मागायची होती.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. दुकानात दिवे लागलेले होते. तो बारीक पेचकस घेऊन कुणाची तरी फ्रेम आवळत होता. फ्रेम नाकाला लागेल इतकी जवळ धरलेली. डोळ्यांवर आणखी एक नवा चष्मा, जाड काडीचा.

"या," तो म्हणाला. आवाज बसका होता. ओठ सुकलेले.

"परत नवा?" ती शक्य तेवढ्या सहज म्हणाली. "काय नटणं चाललंय!"

"नटतोय कसला!" आत्या खुर्चीतून म्हणाल्या. राग बहुधा निवळला होता, नाहीतर बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. "नंबर बदलतोय त्याचा. दर आठवड्याला. आज दिसलं तर उद्या दिसत नाही. विचारलं तर म्हणतो, नंबर काढायचं मशीन बिघडलंय. हेही मशीन बिघडलं, तेही मशीन बिघडलं! या दुकानात एक मीच काय ती धड आहे."

ती उभी होती तिथेच थबकली.

आधी मनात आलं ते हे — म्हणजे ते चष्मे माझ्यासाठी नव्हतेच. आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचं सगळं आलं. पाण्याचे तीन पेले. वर आलेली गालाची हाडं. आत्या झोपलेल्या असताना काउंटरवर पडलेलं मशीन आणि फोन. आधी जे मनात आलं त्याची तिला लाज वाटली. नंतरच्याची भीती वाटली.

"जरा बाहेर येता?" ती म्हणाली.

"जा, जा," आत्या खुशीत म्हणाल्या. "मी बघते दुकान. सावकाश या."

दुकानाच्या पत्र्याखाली दोघं उभी राहिली. पत्र्यावरून पाण्याची बारीक धार पडत होती.

"ते दुपारचे आकडे आत्यांचे नाहीत," ती म्हणाली. "तुमचे आहेत."

तो धारेकडे बघत राहिला. "मी पुसून टाकत होतो ते."

"फोनमधून. आमच्याकडे तोवर पोचलेले असतात."

"त्या दिवशी कळलं. आत्याला तुम्ही बोलत होतात तेव्हा."

"आणि तरी गप्प बसलात?"

"सोमवारच्या आधी सांगणार होतो."

"कधी? रविवारी?"

"...रविवारी."

"तुझी शुगर बघून त्यांची गोळी वाढली असती!" तिचा आवाज चढला. "साखर वाढलेली नसताना वाढीव गोळी! त्या खुर्चीत बसल्या जागी कोसळल्या असत्या, आणि आपण दोघं म्हणालो असतो, झोपल्यात. कळतंय तुला?"

त्याने मान हलवली. दोघांच्याही लक्षात आलं की ती 'तू' म्हणाली होती. पण परत फिरायला आता उशीर झाला होता.

"नेटवर काय वाचलंस?" तिने विचारलं.

"सगळं." तो कोरडं हसला. "आधी वाटलं, आपणच नंबर चुकीचा काढला. दुसरा चष्मा केला. तिसरा केला. मग मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, मशीन चांगलं आहे. मग शोधलं, नंबर सारखा का बदलतो. एका ठिकाणी मेंदूत गाठ, दुसऱ्या ठिकाणी शुगर. मी गाठीचं सगळं वाचून काढलं. शुगरचं पान उघडायलाच चार दिवस लागले."

"गाठ चालली असती तुला?"

"शुगरपेक्षा बरी वाटली." तो थांबला. "बाबांना शेवटी शेवटी काही दिसत नव्हतं. तरी रोज दुकानात येऊन बसायचे. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायचे. कुणी विचारलं, हा चष्मा मला कसा दिसतो, तर म्हणायचे, छान दिसतो. सगळ्यांनाच म्हणायचे."

"मग एक व्हिडिओ मिळाला. एक पूड खायची, जेवण निम्मं करायचं, शुगर मुळासकट जाते. खाली हजार लोकांनी लिहिलंय, गुण आला म्हणून. माझं वजन उतरायला लागलं, तेव्हा वाटलं मलाही गुण येतोय."

"तो गुण नव्हता."

"माहीत होतं. थोडं थोडं."

"दर आठवड्याला दवाखान्याच्या दारात येत होतास! माझ्या शेजारी बसत होतास. एक शब्द बोलला असतास तर —"

"तुम्ही पेशंटशी बोलता ना," तो हळूच म्हणाला, "एक मऊ आवाज असतो तुमचा. सावकाश. आम्ही रागावत नाही, असा. मला तो आवाज नको होता. बाकावरचा हवा होता."

पाण्याची धार पडतच होती. तिला रडू येईल असं वाटलं. म्हणून ती आणखी रागावली.

"उद्या सकाळी दवाखान्यात ये. डॉक्टरीणबाई मागच्याच घरात राहतात, मी सांगून ठेवते."

"उद्या रविवार आहे. सोमवारी —"

"उद्या. आणि आधी आत जा आणि आत्यांना सांग. आत्ता. मी आहे इथे."

तो आत गेला. काचेतून तिला दिसत होतं. तो वाकून काहीतरी बोलला. आत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी काच पुसायचं फडकं उचललं आणि त्याच्या पाठीवर दोन सणसणीत फटके दिले. "माझ्यावर चोरीचा आळ येऊ दिलास, मेल्या!" हे बाहेरपर्यंत ऐकू आलं. पुढचं ऐकू आलं नाही. आत्यांनी त्याचा कान धरलेला होता, आणि तसाच कान धरून त्या त्याच्या खांद्यावर रडत होत्या.

*

डॉक्टरीणबाईंनी त्याची लघवी तपासली आणि त्याला घरी जाऊच दिलं नाही. दवाखान्यात वरच्या मजल्यावर चार खाटा होत्या, त्यातल्या एकीवर तीन दिवस ठेवलं.

"हे तुमच्या आत्याचं नाही. ही वेगळ्याच जातीची शुगर," त्या त्याला म्हणाल्या. "तुमच्या शरीराने इन्सुलिन बनवणं जवळजवळ थांबवलंय. ते बाहेरून द्यावंच लागेल, रोज. आटलेल्या विहिरीत पूड टाकून पाणी येत नाही. आणखी आठवडाभर घरी थांबला असतात तर इथे चालत आला नसतात."

"डोळे?" त्याने तेवढंच विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागचा पडदा तपासला. स्वच्छ होता. वर्षातून एकदा तपासायचा आणि शुगर सांभाळायची, म्हणाले. शुगर उतरायला लागली की नंबर उलट्या बाजूला पळेल, काही आठवडे जवळचं धूसर दिसेल, मग आपोआप स्थिरावेल. तोवर नवा चष्मा करायचा नाही. चष्मेवाल्याला हे सांगायला लागलं म्हणून त्यांनाही हसू आलं.

पहिल्या दिवशी ती खाटेशी बसून होती. दुसऱ्या दिवशी त्याला सुई कशी घ्यायची ते शिकवायला मिशीकाका आले. तिसऱ्या दिवशीही तेच. घरी गेल्यावर त्याने आपलं नवं मशीन फोनला जोडलं. पहिला आकडा गेल्यावर उत्तर आलं, "सकाळचा छान. दुपारी जपून. — मिशीकाका." दुसऱ्या दिवशीही मिशीकाका. आठवडाभर मिशीकाका.

तो तिला काय विचारणार? आणि ती तरी काय सांगणार? एक कारण होतं, पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. रोज सकाळी ती ठरवत असे, आणि रोज दुपारी ढिगातला पुढचा मेसेज उघडत असे. 'जांभया फार येतात, नेटवर हृदय दाखवताहेत' — असं कुणीतरी विचारलेलं असेच.

तिसऱ्या आठवड्यात तो दवाखान्यात तपासणीला आला. एकटाच. वजन थोडं भरलं होतं, चेहऱ्यावर रंग होता. तिला दारातूनच दिसला, आणि मिशीकाकांना अचानक वरच्या मजल्यावर काम आठवलं.

"बसू?" त्याने बाकाकडे बोट केलं.

"बस ना."

दोघं बाकावर टेकली.

"काका चांगले आहेत," तो म्हणाला. "सुई छान शिकवली. विनोद जरा जुने आहेत."

"हो."

"पण माझी फाईल तू त्यांना का दिलीस?" तोही आता 'तू' म्हणाला होता. "राग आला असेल, तर बरोबरच आहे तुझं. आत्यावर मी जे ओढवलं होतं... पण तसं असेल तर सरळ सांग. मी दुसऱ्या दवाखान्यात जातो. रोज सकाळी मिशा वाचायच्या आणि मनात दुसरंच नाव यायचं, हे मला जमत नाही."

ती हातातल्या फोनची कड नखाने खरवडत राहिली.

"इथे एक नियम आहे," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरीणबाईंचा. आपल्या माणसाची फाईल आपण ठेवायची नाही. आकडा वाढलेला दिसला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाने औषधाचं काही ठरवू नये."

"आपल्या माणसाची म्हणजे?"

"आई-वडील. भाऊ-बहीण."

"मी त्यातला कोण?"

"त्यातला कोणी नाहीस." तिचे कान तापले होते. "तुला वर आणलं ना, त्या दिवशी तुझा पहिला आकडा मी बघितला आणि माझ्या हातातून पेन पडलं. मी खाली गेले आणि बाईंना म्हटलं, याची फाईल मला देऊ नका."

"त्यांनी कारण विचारलं?"

"नाही. त्यांनी नुसती फाईल घेतली. आणि म्हणाल्या, 'अगं, मला वाटलं तू आधीच देशील.'"

तो हसला नाही. तिच्याकडे वळला, डोळे बारीक केले, मान जरा मागे घेतली, मग आणखी मागे. जवळचं त्याला अजून धूसरच दिसत होतं.

"तू जरा तिकडे, त्या खिडकीपाशी उभी राहशील?" तो म्हणाला. "लांबचं मला दिसतं. तू आत्ता कशी दिसतेस ते बघायचंय."

ती उठली नाही. उलट बाकावर त्याच्या बाजूला थोडी सरकली.

"नाही दिसले तरी चालेल," ती म्हणाली. "लांब नाही जाणार मी."